शनवार तेली

माणूस कोण हे ठरवण्यासाठी आपल्याकडे नाना चौकशा चालतात. मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, आडनाव आधीपासून हेच का, आणि हल्ली, कंपनी कुठली. अलिबाग-पेणच्या बाजूला मात्र एक समाज पिढ्यान् पिढ्या निव्वळ सुट्टीच्या वारावरून ओळखला गेला. तेल गाळणारी माणसं त्या टापूत दोन प्रकारची. एकांचा घाणा सोमवारी बंद. महादेवाचा वार, बैलालाही विसावा. ते सोमवार तेली. दुसऱ्यांचा घाणा शनिवारी बंद. ते शनवार तेली. शनिवारीच का, असं कुणी खोदून विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरात आज काय शिजतंय याची चौकशी करण्याची कोकणात पद्धत आहे, दुसऱ्याच्या देवाची नाही. घाण्याची कुरकुर तीच, बैलाच्या डोळ्यांवरची झापडं तीच, पेंडीचा वास तोच. फरक काय तो आठवड्यातल्या एका दिवसाचा. त्या एका दिवसाच्या आडोशाला एक अख्खा धर्म उभा होता, हे शेजाऱ्यांच्या गावीही नव्हतं. खुद्द तेल्यांनाही त्याचा तपशील फारसा ठाऊक नव्हता. आपण बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरं, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं, आणि आपल्या माणसांत वावरायला तेवढं पुरत होतं.

माझी आजी त्या बाजूची. तिच्या तोंडी इस्रायल हा शब्द देशाचा नव्हता, शेजाऱ्यांचा होता. इस्रायल नावाचं राष्ट्र १९४८ साली झालं. अलिबागेत इस्रायल आळी त्याच्या आधीपासून आहे, आणि तिथलं मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर मूळचं १८४८ सालचं. त्यामुळे रेडिओवर इस्रायलच्या लढायांच्या बातम्या लागल्या की आजी आधी दचकायची आणि मग, हे दुसरं इस्रायल, असं स्वतःलाच समजावून सांगायची. शेजारी नवं बिऱ्हाड आलं तेव्हा तिने रीतीप्रमाणे कोळंबीचं कालवण पाठवलं होतं. भांडं झाकणासकट जसंच्या तसं परत आलं, आणि सोबत एक टपोरं पापलेट. आजी बराच वेळ त्या दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली. "माणसं चांगली दिसतात," ती शेवटी म्हणाली, "पण कोळंबी खात नाहीत. काहीतरी पोटाचं दुखणं असणार."

ते दुखणं फार जुनं होतं. परंपरा अशी की कोणे एके काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं, आणि आज त्या जागी स्मारक आहे. कोकणच्या किनाऱ्याला चौदाचा आकडा भलताच प्रिय दिसतो, कारण चित्पावनांच्या उगमकथेतही समुद्राने वाहून आणलेली चौदा प्रेतं आहेत आणि परशुराम त्यांना जिवंत करतो. इतिहासकार असल्या कथांपुढे घसा खाकरतात. मला त्यांचं खरंखोटं करण्यात रस नाही. मला कुतूहल आहे ते फुटलेल्या गलबतातून काय काय वाचलं याचं. पोथ्या बुडाल्या. हिब्रू भाषा दोनचार पिढ्यांत वाळूत जिरून गेली असणार. उरली ती 'शमा' ही एकच प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, शनिवारची सुट्टी, आणि मासळीच्या टोपलीपाशी बसल्यावर हाताला आपोआप कळणारी एक निवड. मोठमोठ्या गोष्टी बुडतात आणि बारीकसारीक सवयी तरंगून वर येतात, हा समुद्राचा नियम असेल किंवा घरातल्या बायकांचा.

त्या टोपलीचीच पुढे परीक्षा झाली. डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला. कधी, याबद्दल मतभेद आहेत; कुणी बाराव्या शतकाकडे बोट दाखवतं, कुणी थेट अठराव्या. शनिवार पाळणारे हे तेली पाहून त्याला संशय आला की ही आपलीच हरवलेली माणसं. पण हिब्रू येत नाही, धर्मग्रंथ नाही, पूर्वजांची वंशावळ नाही. विचारायचं तरी काय? त्याने म्हणे बायकांसमोर मिश्र मासळीची रास ओतली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे एका बाजूला घेतले आणि बाकीचे दूर सारले. ज्यू धर्मशास्त्राचा नियम नेमका तोच आहे. राहाबीची खात्री पटली. जगात धर्माच्या परीक्षा आगीतून, पाण्यातून, तलवारीच्या धारेवर घेतलेल्या ऐकिवात आहेत. ही एकच अशी, की जिचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत हाताला राहिला असेल. पुढे त्याने झिराड, राजपुरी आणि शापूर या गावांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवले, आणि या ज्यू धर्माधिकाऱ्यांना लोक म्हणू लागले काझी. कोकणात कोणतीही गोष्ट एका धर्माची म्हणून फार काळ टिकत नाही.

नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ साली एक विचार मांडला आणि तो गाजला. कुठलाही समाज टिकतो तो त्याच्या आत काय माल भरलाय त्यावर नव्हे, तर कडेला आखलेल्या रेषेवर. आतला माल बदलतो. भाषा, वेष, जेवण, गाणी इकडून तिकडे जातात. रेष मात्र राखली जाते. माझ्या आजीने बार्थ वाचला नव्हता, पण ती रेष तिच्या झाकणाखालून परत आलेल्या कालवणाएवढी स्पष्ट होती. रेषेच्या अलीकडे-पलीकडे मात्र काय आणि किती जात-येत होतं! साडी मराठी, मंगळसूत्र मराठी, लग्नातली हळद आणि मेंदी इथलीच. गोमांस धर्माने चालतं, पण शेजाऱ्यांना चालत नाही म्हणून खायचं नाही. मांस आणि दूध एकत्र शिजवू नये ही तोरा या ज्यू धर्मग्रंथाची आज्ञा; जगभरच्या ज्यू स्वयंपाकघरांना हिने जेरीस आणलं असेल, पण कोकणात नारळ होता. मटणाच्या रश्श्याला नारळाचं दूध घातलं की आज्ञाही पाळली जाई आणि चवही यायची. सिनाई पर्वतावर नारळ असता तर तिथल्या संभाषणात एखादा मुद्दा कमी झाला असता, असं मला उगाच वाटतं.

सणांची गोष्ट तर आणखी मजेची. हिब्रू नावं विसरल्यावर या मंडळींनी आपल्या सणांना घरगुती नावं दिली, आणि ती वाचताना पंचांग आणि स्वयंपाकघर एकाच भिंतीला टेकून बसल्यासारखं वाटतं. वर्षारंभ झाला नव्याचा सण. मग खिरीचा सण. कडकडीत उपासाच्या दिवशी दारं लावून घरात बसायचं म्हणून तो दरफाळणीचा सण, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम हा एस्तेर राणीच्या धाडसाचा आनंदोत्सव आपल्या शिमग्याच्या सुमारास येतो, म्हणून त्याचं नाव पडलं होळीचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या शोकाचा दिवस, जगभरचे ज्यू जमिनीवर बसून विलापगीतं म्हणतात तो, कोकणात झाला बिरड्याचा सण, कारण त्या उपासानंतर वालाचं बिरडं खायचं. कशाचा शोक हे विसरलं होतं. शोकानंतर काय खायचं ते विसरलं नव्हतं. यावर हसू येतं खरं. पण वाल भिजत घालायचे, मोड येऊ द्यायचे, एकेक दाणा सोलायचा, त्याला दोन दिवस जातात. न पाहिलेल्या मंदिरासाठी इतकी वर्षं कुणी वाल सोलत बसलं असेल, तर त्याला विस्मरण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नावांचंही तसंच. अब्राहमचा झाला अबाजी, सॅम्युएलचा सामाजी, बेंजामिनचा बन्नाजी, एझिकेलचा हसाजी. पुराणपुरुषांना पागोटी घालून ओटीवर बसवल्यासारखी ही नावं. आडनावं अर्थातच गावांची: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, चौलचे चौलकर, नवगावचे नवगावकर, दिव्याचे दिवेकर. आता आडनावाला 'कर' लागला की मराठी माणसाची चौकशी निम्मी संपते. पुढचं निम्मं तो वधूवर मेळाव्यात करतो. मुंबईत महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड रोज हजारो लोक तुडवतात, पण हे मोझेस म्हणजे १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, हे कितींच्या ध्यानात येत असेल? 'बूटपॉलिश' सिनेमातला तो गोड म्हातारा डेव्हिड, तो डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आडनावाने चौलचा माणूस. आपल्या शेजारची माणसं आपण इतकी परकी समजतो की ती जवळची निघाली तर चुकचुकल्यासारखं होतं.

सामाजी हसाजी दिवेकर यांची कथा मला सगळ्यांत आवडते. कागदोपत्री ते सॅम्युएल एझिकेल दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले. टिपूविरुद्धच्या लढाईत पकडले गेले. तुम्ही कोण, असं विचारल्यावर त्यांनी बेने इस्रायल म्हणून सांगितलं. टिपूच्या आईला हे नाव कुराणातून ठाऊक होतं, त्या लोकांना पाहण्याचं तिला अप्रूप वाटलं आणि तिच्या रदबदलीने दिवेकर वाचले, असं समाजात सांगतात. सुटून आल्यावर नवस फेडावा तसं त्यांनी १७९६ साली मुंबईत शाआर हारहामीम हे बेने इस्रायलांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. एका कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूला, इंग्रजांच्या पलटणीत असताना, म्हैसूरच्या मुसलमान राजमातेने कुराणाच्या आधारावर ओळखलं. ओळखपत्र म्हणून यापेक्षा गुंतागुंतीचा कागद आजच्या कुठल्या खिडकीवरही मागत नाहीत.

आणि ज्यांना स्वतःच्या धर्माची भाषा येत नव्हती, त्यांना ती शिकवली कुणी? कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी शिकवली, हे ठीकच. पण मोठा वाटा मिशनऱ्यांचा. स्कॉटलंडचे पाद्री जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. क्षणभर थांबून हे चित्र बघण्यासारखं आहे. एक स्कॉटिश ख्रिस्ती धर्मोपदेशक, ज्यूंना ख्रिस्ती करावं या आशेने, त्यांचीच भाषा त्यांना मराठी विभक्तिप्रत्ययांच्या आधाराने शिकवतोय. विद्यार्थी मन लावून शिकले, जुना करार मराठीत वाचला, आपल्या पूर्वजांच्या कथा पहिल्यांदा सलग ऐकल्या, आणि पाद्रीबाबांचे मनापासून आभार मानून पूर्वीपेक्षा पक्के ज्यू होऊन घरी गेले. गुरूची अशी सुंदर फजिती करणारे शिष्य विरळाच.

भाषा, वंश आणि संस्कृती या तिन्हींची गाठ काही जन्माची नसते, असं एडवर्ड सपीर यांनी १९२१ साली लिहिलं. पुण्यात त्याच्या बरीच वर्षं आधी ते छापून झालं होतं. १८७४ साली पुण्यात निघालेली हग्गादा, म्हणजे ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रूसोबत मराठी भाषांतर घेऊन आली. तिच्यात चित्रं आहेत. बायका बेखमीर भाकरी करताहेत. मिसर देशातून सुटण्याच्या त्या प्राचीन घाईची ही आठवण. पण बायकांच्या अंगावर साड्या आहेत आणि मागे अंबाडे. पुण्यातल्या चित्रकाराला, किंवा पोथी काढणाऱ्यांना, भाकरी करणारी बाई दुसऱ्या कुठल्या वेषात असू शकते हे सुचलंच नसावं. फारोच्या गुलामीतून सुटून तांबड्या समुद्राकडे निघालेल्या त्या बायकांनी निघता निघता वाटेत तुळशीबागेत डोकावलं असतं, तरी त्या चित्रात काही विसंगत दिसलं नसतं.

मग कीर्तन आलं. १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्रायलांनी हरिदासांची कीर्तनं ऐकली आणि म्हटलं, आपल्याकडे काय कथा कमी आहेत? अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत रचली गेली. ओव्या, साक्या, पदं, मधून गद्य निरूपण, सगळा बाज आपला. भावांनी खड्ड्यात ढकललेला योसेफ जेव्हा साकीत विलाप करू लागतो, तेव्हा श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येण्यासाठी कनान देश कुठे आहे हे माहीत असण्याची गरज पडत नसणार. भाऊबंदकी समजायला कोकणी माणसाला नकाशा लागत नाही.

हे सगळं इतकं लोभस आहे की त्यातली काळी बाजू सांगायला जीव धजत नाही, पण सांगायला हवी. आजूबाजूच्या समाजाकडून कीर्तन घेतलं तसंच दुसरंही काही घेतलं. बेने इस्रायलांत गोरे आणि काळे असे दोन भाग होते. काळे म्हणजे ज्यांच्या आईकडून बाहेरचं रक्त आलं असं मानलं जाई ते. त्यांच्याशी सोयरीक नाही. शेजाऱ्यांकडून शिकलेला हा धडा गिरवायला कुणी पाद्री लागला नाही.

आणि मग माणसं गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्रायल सुमारे २० हजार होते. १९४८ नंतर ते इस्रायलला जाऊ लागले. छळ झाला म्हणून नव्हे. भारतातल्या शेजाऱ्यांनी आपल्याला ज्यू म्हणून छळलं नाही, हे ते आवर्जून सांगतात. ते गेले कारण रोजच्या प्रार्थनेत ज्या भूमीचं नाव घेतलं ती आता बोटीने किंवा विमानाने गाठता येत होती. गेले आणि मोठी गंमत झाली, जी त्यांना त्या वेळी मुळीच गंमत वाटली नाही. इथे ते इस्रायल होते. तिथे पोचताच ते होदी, म्हणजे हिंदी, ठरले. रंगावरून, बोलण्यावरून, जेवणावरून. काहींनी १९५१ साली तेल अवीवमध्ये धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणून, आणि काही खरोखर परतलेही. त्यांतले कितीतरी पुन्हा तिकडेच गेले. त्यानंतर इस्रायलच्या ज्यू धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांचे पूर्वज तपासायला सुरुवात केली. शनिवारी बैल सोडून ठेवणाऱ्यांच्या, मासे निवडणाऱ्यांच्या, वाल सोलणाऱ्यांच्या नातवंडांना विचारलं गेलं की तुम्ही ज्यू आहात याला पुरावा काय? राहाबीने निदान टोपली पुढे केली होती. पुन्हा आंदोलन झालं आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर ते इतके अल्प उरले होते की सरकारी कागदाला संख्याच मिळाली असती तर नवल.

तिकडे दिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा या गावांत मात्र आज पुरणपोळी होते, करंज्या होतात, आणि मालिदा होतो. मालिदा हा एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया याच्या नावाने करायचा. पोहे भिजवून त्यात खवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा. ताटात भोवती केळी, खजूर आणि इतर फळं, आणि वासासाठी एखादं फूल. झाडाच्या फळासाठी वेगळा आशीर्वाद, जमिनीत उगवणाऱ्यासाठी वेगळा, सुगंधासाठी आणखी वेगळा. हे नियम अस्सल ज्यू. ताट अस्सल कोकणी. एलिया अग्निरथातून स्वर्गात गेला, आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका कातळावर त्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापाची खूण आहे, असं भाविक मानतात. धर्मग्रंथात त्याचा मार्ग यार्देन नदीपलीकडून गेलेला आहे. पण आपल्याकडे पांडव प्रत्येक तालुक्यात राहून गेले आहेत आणि सीतेची न्हाणी दर दोन कोसांवर सापडते, तिथे एका प्रेषिताने रथ जरा वाकडी वाट करून अलिबागवरून नेला तर कुणी हरकत घेऊ नये. इतक्या दूर आलेल्या आपल्या माणसांची त्याने विचारपूस केली नसती, तरच ते वाईट दिसलं असतं.

इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक या मंडळींनी चालवलं आहे, आणि म्हाताऱ्या बायका अजून मराठी कीर्तनातली पदं वह्यांतून बघून म्हणतात. तिकडे गेलेल्यांच्या नातवंडांची भाषा हिब्रू. जी विसरल्यामुळे पूर्वजांची परीक्षा झाली तीच आता घरची, आणि मराठी कपाटात. म्हणून एक विनंती. मुंबई, ठाणे, पनवेल, पेण, अलिबाग, पुणे, कुठेही कुणाच्या माळ्यावर अब्राहम किंवा योसेफाच्या आख्यानाची जुनी छापील पुस्तिका, पदांची हस्तलिखित वही किंवा मराठी अर्थ छापलेली हग्गादा सापडली, तर रद्दीत घालू नका. पहिल्या पानावर घरच्या माणसांकडून नाव, गाव आणि माहीत असेल तर चाल लिहून घ्या, आणि जवळच्या मोठ्या ग्रंथालयात नेऊन द्या.